पहिला तास टोकरवणचा

“धनसुखभाई, शाल पांघरल्याशिवाय गाडी हलायची नाय,” असं म्हणून बहिरू भोये खरोखरच अ‍ॅम्ब्युलन्सच्या तोंडापुढे जाऊन उभा राहिला.

सव्वीस जानेवारीची सकाळ होती. झेंडावंदन आटोपलं होतं, पोरांच्या हातात जिलेबी पडली होती, आणि शाळेच्या पटांगणात झेंड्याच्या काठीपासून दहा पावलांवर गुजरातची अ‍ॅम्ब्युलन्स उभी होती. तिचा ड्रायव्हर धनसुखभाई लाजून चूर झाला होता. मला ड्यूटीवर जायचंय, हे सगळं कशाला, असं तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. पण बहिरूनं मनावर घेतलं होतं. तीन वेळा निवडून आलेला आमच्या ग्रामपंचायतीचा हा मेंबर सभेत वर्षभरात चार वाक्यं बोलायचा, त्यामुळे त्यानं काही मागितलं की नाही म्हणणं जड जायचं. शाल मीच नाशिकहून, रविवार कारंज्यावरून आणली होती. नारळ गावातल्या दुकानातला होता.

मी सावरदहाडचा ग्रामसेवक. सरकारनं आमच्या हुद्द्याचं नाव मध्यंतरी बदललं, पण गावात मी भाऊसाहेबच. घर नाशिकला सिडकोत. सोमवारी मोटारसायकल काढायची, पेठ मागं टाकायचं, घाट उतरायचा आणि शुक्रवारी परत. सावरदहाड म्हणजे जिल्ह्याचं शेवटचं टोक. गावाखाली दोन किलोमीटरवर नदी, नदीवर पुलाऐवजी बुटकी फरशी, आणि फरशीपलीकडे गुजरात. काठावरच त्यांचं पहिलं गाव, टोकरवण. दोन्हीकडची माणसं एकच बोली बोलतात, एकमेकांच्या पोरी करून घेतात, एकाच वाघदेवाला नारळ फोडतात. फरक एवढाच की आमच्याकडे योजनांचे फलक जास्त आणि त्यांच्याकडे डांबर जास्त.

एवढं सगळं एक असूनही बारा वर्षांपूर्वी या दोन गावांनी एकमेकांची डोकी फोडली होती. भांडण विहिरीवरून झालं. आमच्या खालच्या आळीतली विहीर मे महिन्यातही आटत नाही, आणि टोकरवणच्या विहिरी होळीलाच तळ दाखवतात. त्यांच्या बाया आमच्या विहिरीवर यायच्या, आमच्या बाया त्यांचे हंडे लाथाडायच्या. एके दिवशी बायांच्या भांडणात पुरुष उतरले आणि दगड सुरू झाले. त्यातला एक बहिरूच्या डाव्या भुवईवर बसला. तो मारणारा पुंजाभाई, टोकरवणच्या पंचायतीचा मेंबर.

पोलीस आले, दोन्ही राज्यांचे आले, आणि हद्द कुणाची यावर त्यांचंच एकमत होईना. तेव्हा भुवईला पट्टी बांधलेला बहिरू एकटाच उठून फरशीवर जाऊन बसला. दुसऱ्या बाजूनं पुंजाभाई आला. दोघं दिवसभर फरशीच्या मधोमध बसून राहिले. काय बोलले ते कुणी ऐकलं नाही, पण संध्याकाळी उठले ते ठरवूनच. दिवस उगवल्यापासूनचा पहिला तास विहीर टोकरवणची. त्या तासात आमच्या गावच्या बाईनं दोराला हात लावायचा नाही, आणि तास संपल्यावर टोकरवणच्या बाईनं. पुंजाभाईनं विचारलं, बदल्यात तुला काय पाहिजे. बहिरू म्हणाला, गाडी.

त्याच्या आधीच्या पावसाळ्यात त्याची भावजय बाळंतपणात घाटातच, जीपमध्ये दगावली होती. आमच्याकडून पेठचा दवाखाना पस्तीस किलोमीटर, तोही घाट चढून. टोकरवणपासून त्यांचा दवाखाना नऊ किलोमीटर, आणि रस्ता असा की पोटातलं पाणी हलू नये. पण अ‍ॅम्ब्युलन्स आपलं राज्य सोडून येत नाही. पहिली चार वर्षं पुंजाभाई कुणाची तरी जीप पाठवायचा, मग दोघांनी युक्ती काढली. सावरदहाडमध्ये कुणाचे दिवस भरले की बहिरूनं गळ्यात दोरीनं अडकवलेल्या मोबाइलचं दोन नंबरचं बटण दाबून धरायचं. तो फोन पुंजाभाईला लागायचा. पुंजाभाई अ‍ॅम्ब्युलन्सला फोन करून सांगायचा की पेशंट टोकरवणला, माझ्या घरी आहे. गाडी त्याच्या दारात आली की हा ड्रायव्हरशेजारी चढून बसायचा आणि फरशीकडे बोट दाखवायचा. पंचवीस मिनिटांत गाडी आमच्या दारात. कागदावर मात्र पेशंट टोकरवणचाच.

धनसुखभाईला हे पहिल्याच फेरीत कळलं असणार. आठ वर्षांत तो त्याबद्दल एक शब्द बोलला नाही, आणि आमच्या एकवीस बाया सुखरूप घेऊन गेला.

बहिरूचं विहिरीवरचं काम मी स्वतः पाहिलं आहे. उन्हाळा लागला की सकाळी तो कठड्यावर जाऊन बसायचा. मनगटावर सासऱ्यानं लग्नात दिलेलं चावीचं घड्याळ. एक तास म्हणजे एक तास. टोकरवणच्या एखाद्या बाईचा हंडा अर्धा भरला असताना वेळ झाली तर तो दोरावर हात ठेवायचा, आणि आमच्या बाया एक मिनिट आधी पुढे सरकल्या तर त्यांनाही डोळ्यानंच मागं सारायचा. माझी बायको म्हणायची, तुमचा मेंबर रेल्वेत हवा होता. पण या घड्याळामुळेच बारा वर्षांत पुन्हा दगड उचलला गेला नाही, हे दोन्ही गावं जाणून होती.

तर त्या सव्वीस जानेवारीला शाल पांघरली गेली, नारळ हातात आला. औक्षण करायला बहिरूची मुलगी सुवर्णा पुढे झाली. तिला हरसूलकडे दिलेली. संक्रांतीला माहेरी आली होती, सातवा महिना लागला होता. ताम्हण ओवाळताना तिच्या हातावरच्या बांगड्या वाजत होत्या. धनसुखभाई म्हणाला, “बेन, तुझ्या टायमाला मीच येणार. तू फक्त बापाला बटण दाबायला सांग.” सगळे हसले. बहिरूची बायको वत्सलाबाई पदर तोंडावर घेऊन हसली. पुंजाभाई फरशीपलीकडून खास आला होता, तोही हसला, पण फोटोसाठी बोलावलं तेव्हा मागं सरकला.

फोटो मी काढला. हे मला सरळ सांगायचं आहे, कारण पुढचं सगळं त्या फोटोनं झालं. आमच्या नोकरीत झाड लावलं तरी फोटो, गटार उपसलं तरी फोटो, आणि फोटोखाली जागा, अक्षांश-रेखांश, तारीख, वेळ उमटलीच पाहिजे. त्याशिवाय वरचे विश्वास ठेवत नाहीत. माझ्या मोबाइलमध्ये तेच अ‍ॅप होतं. झेंडा, झेंड्याखाली शाल पांघरलेला धनसुखभाई, त्याच्या मागं गुजरातची नंबरप्लेट, आणि खाली ठळक अक्षरांत सावरदहाड, तालुका पेठ, जिल्हा नाशिक, महाराष्ट्र. प्रजासत्ताक दिनाचे फोटो दहाच्या आत तालुक्याच्या ग्रुपवर टाकायचे होते. मी टाकला. वर लिहिलं, सीमेवरच्या माणुसकीचा सत्कार. जोडलेल्या हातांची रांग लागली.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. आठ वर्षं झाकलेली मूठ आम्ही शाल-श्रीफळ देऊन उघडली.

ग्रुपवरून फोटो पेपरवाल्याकडे गेला. बातमी छान आली, अगदी चौकटीत. मी ती कापून कार्यालयात चिकटवलीसुद्धा. वाईट कुणीच वागलं नाही, हे मी आजही म्हणतो. पेपरवाल्यानं कौतुक केलं, आणि पलीकडच्या कुणा अधिकाऱ्यानं ती बातमी वाचून त्याचं काम केलं. त्यांची गाडी परराज्यात, वहीत मात्र टोकरवण. धनसुखभाईकडे खुलासा मागितला. त्यानं खोटं सांगितलं नाही. पंधरा दिवसांत त्याची बदली समुद्राकडच्या तालुक्यात झाली. गाडीत यंत्र बसलं. फरशी ओलांडली की वर कळायचं.

पुंजाभाई हे सांगायला आला तेव्हा मी आणि बहिरू कार्यालयातच होतो. भिंतीवरच्या कात्रणाकडे तो बराच वेळ बघत राहिला. त्याला मराठी वाचता येत नव्हतं, पण फोटो वाचता येत होता. त्यानं मला काही म्हटलं नाही. बहिरूला एवढंच म्हणाला, “तुला शाल द्यायचीच व्हती तर माझ्या घरात द्यायची ना रे, दार लावून.”

 पुंजाभाई गेल्यावर मी कात्रण काढून टाकलं.

मग आम्ही रीतसर मार्गाला लागलो. दोन्ही पंचायतींनी एकाच दिवशी एकच ठराव केला, आमचा मराठीत, त्यांचा गुजरातीत. जवळचा दवाखाना ज्या राज्यात असेल त्या राज्याची गाडी सीमेवरच्या पेशंटला मिळावी, इतकीच मागणी. सावरदहाडच्या सात आणि टोकरवणच्या आठ मेंबरांनी सह्या-अंगठे केले. पक्षांची नावं काढली असती तर एकमेकांना चहा न पाजणारी माणसं होती ती. बहिरू आणि पुंजाभाई महिनाभर एकेकाच्या दारात जाऊन बसले. बारा वर्षांपूर्वी दगड मारणाऱ्यांची नावं एका कागदावर आली. मला वाटतं, बहिरूच्या आयुष्यातलं ते सगळ्यात मोठं काम होतं.

तो कागद घेऊन मी बहिरूला नाशिकला नेलं. त्यानं सभेचा सफारी सदरा घातला होता. एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत पाठवता पाठवता दुपार झाली. शेवटी ज्या साहेबांकडे पोहोचलो ते सज्जन होते, त्यांनी पाणी दिलं, ठराव पूर्ण वाचला, चांगला आहे म्हणाले. पण विषय दोन राज्यांचा. इथून मुंबई, मुंबईहून गांधीनगर, मग परत. किती दिवस लागतील, असं बहिरूनं विचारलं. लवकर म्हटलं तरी दीड-दोन वर्षं, असं ते म्हणाले.

गोल्फ क्लबच्या मैदानाच्या कडेला झाडाखाली बसून आम्ही भाकरी खाल्ली. मैदानात पोरं क्रिकेट खेळत होती. बहिरू बोटांवर काहीतरी मोजत होता.

“सुवर्णाचे दिवस एप्रिलच्या शेवटाला हायेत,” तो म्हणाला.

मी लगेच म्हटलं की तिला विसाव्या तारखेला माझ्या घरी आणायची. सिडकोत दोन खोल्या आहेत, बायको घरीच असते, दवाखाना पायी पाच मिनिटांवर. खरं सांगायचं तर त्यात माझा स्वार्थ होता. फोटोचं ओझं मला कुठेतरी उतरवायचं होतं. बहिरूनं माझ्याकडे पाहिलं आणि भाकरीचा तुकडा कपाळाला लावला. हो म्हणायची त्याची ती पद्धत. माझ्या बायकोनं एप्रिल लागताच आतली खोली झाडून पुसून ठेवली, नवीन चादर घातली.

सुवर्णाला कळा आल्या त्या नऊ तारखेला, दुपारी.

मी कार्यालयात होतो. वत्सलाबाईचा ओरडा ऐकून धावलो. पोरीला रक्त जात होतं. गावात जीप एकच, ती हरसूलच्या बाजाराला गेलेली. आमच्याकडच्या अ‍ॅम्ब्युलन्सला मी फोन लावला. ती निघाली, पण घाट उतरून यायला दीड तास लागेल म्हणाले. तोवर बहिरूनं दोन नंबरचं बटण दाबलं होतं. पलीकडून पुंजाभाई म्हणाला, गाडी पंधरा मिनिटांत फरशीवर उभी करतो, तुम्ही पोरीला खाली आणा.

मोटारसायकलवर बसण्यासारखी तिची अवस्था नव्हती. बांबूला घोंगडी बांधून झोळी केली. चार जणांनी खांदा दिला, पुढच्या खांद्याला बहिरू. मी बाजूनं छत्री धरून चालत होतो. आठ वर्षं ज्या वाटेनं गाडी वर आली त्या वाटेनं आम्ही पोरीला खाली नेत होतो. ऊन असं की दगडाला हात लागला तर चटका बसावा. सुवर्णा पहिल्यांदा कण्हत होती. मग तिनं एकदा विचारलं, “बाबा, धनसुखभाई आलेत का?” बहिरू म्हणाला, “आलेत बाई.”

शेवटच्या वळणावरून नदी दिसली आणि फरशीच्या पलीकडच्या टोकाला पांढरी गाडी. इंजिन चालू, मागचं दार उघडं. नवीन ड्रायव्हर गाडीच्या नाकापाशी उभा होता, कोवळाच मुलगा होता, आणि त्यानं दोन्ही हात जोडले होते. त्याला पुढे यायचं नव्हतं असं नाही. त्याला यायची मुभा नव्हती. पुंजाभाई मात्र फरशीवरून अनवाणी धावत आला आणि बहिरूच्या शेजारी बांबूखाली खांदा घातला. त्या दोघांचे खांदे एका बांबूखाली मी तेव्हा पाहिले.

घरातून निघाल्यापासून पाऊण तास गेला होता.

मुलगी गाडीत जन्मली. सुवर्णा दवाखान्याच्या फाटकापर्यंत पोहोचली नाही. तिथल्या डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, त्यांनी नाडी पाहिली आणि अर्धा तास आधी, नुसता अर्धा तास, एवढंच म्हणाल्या. 

परत आणतानाही गाडी फरशीपर्यंतच आली. पोरीला तिथे उतरवून पुन्हा त्याच झोळीत घ्यावं लागलं. वत्सलाबाईनं नातीला पदराखाली धरलं होतं. सुवर्णाचा नवरा हरसूलहून जीपनं आला तो फरशीवरच खाली बसला. सुवर्णासाठी आतल्या खोलीत घातलेली नवी चादर माझ्या बायकोनं दुसऱ्या दिवशी नाशिकहून पाठवली. ती नातीच्या दुपट्यांना उपयोगी पडली.

तिसऱ्या दिवशी मी बहिरूच्या घरी गेलो. तो अंगणात बसला होता. दोन दिवस मी मनात जुळवलेली वाक्यं सगळी विसरलो. फोटो मी काढला, मी ग्रुपवर टाकला, माझ्यामुळे झालं, एवढंच तोंडातून आलं आणि मला रडू फुटलं. त्यानं मला रडू दिलं. मग म्हणाला, “भाऊसाहेब, फोटो तुमी काढला, शाल मी पांघरली. माझीच हौस व्हती. चांगल्या माणसाला गावासमोर चांगला म्हणावा, इतकीच हौस.”

मला वाटतं, आपल्याकडे हेच चुकतं आणि हे चुकतंय असं आपल्याला कधी वाटतही नाही. कुणी काही केलं की त्याला उभा करायचा, हार घालायचा, फोटो काढायचा. ज्याचं चांगुलपण आडोशालाच टिकतं त्यालाही आपण ओढून उजेडात आणतो. माफी मागून मी उठलो तेव्हा आत पोर रडत होती. शेळीचं दूध तिला मानवत नव्हतं. पेठहून आणलेल्या डब्यातली पावडरही ती ओकून टाकत होती, आणि गावात तेव्हा अंगावर पाजणारी दुसरी बाई नव्हती.

दहावं झाल्यावर ग्रामसभा लागली. गाव पेटलं होतं, आणि ते मी समजू शकतो. आमचा सरपंच संतोष तरुण आहे, सुवर्णाच्या वर्गातला. तो म्हणाला, त्यांची गाडी डोळ्यांसमोर उभी राहिली आणि आपली पोर मेली. आता त्यांच्या बायांनी आपल्या विहिरीला हात लावायचा नाही. विहिरीला लोखंडी जाळी बसवायची, कुलूप लावायचं. हात वर झाले. बायांचेही झाले. मी कायद्याच्या दोन गोष्टी सांगायला उठलो, पण माझं तोंडच कुठं राहिलं होतं. फक्त विहीर बहिरूच्या वॉर्डात, त्यामुळे त्याला विचारल्याशिवाय ठराव लिहायची गावात रीत नव्हती. सगळे त्याच्याकडे बघायला लागले.

बहिरू भिंतीला टेकून बसला होता. डोकं भादरलेलं, भुवईवरचा व्रण आता जास्तच दिसत होता. तो उठला नाही. बसूनच बोलला.

“माझी पोर पाण्यावाचून मेली नाय. पाण्यावाचून मेलेली कुणाची पोर मला बघायची नाय.”

 मग संतोष म्हणाला, काका, तुमचं दुःख मोठं, तुम्ही म्हणाल तसं. जाळीचा विषय मी वहीत घेतलाच नाही.

पण विहीर उघडी राहूनही टोकरवणच्या बाया आल्या नाहीत. नऊ तारखेपासूनच त्या आल्या नव्हत्या. शरम वाटत होती त्यांना. कुठल्या तोंडानं जायचं, असं म्हणत होत्या, हे आमच्यात दिलेल्या त्यांच्या पोरींकडून कळलं. त्या नदीच्या वाळूत झिरे खणून वाटीनं पाणी भरत होत्या. दोन पोरांना जुलाब लागल्याचंही कानावर आलं.

त्या आठवड्यात मी गावातच मुक्कामाला होतो. ग्रामसभेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बहिरू विहिरीवर गेला. कठड्यावर बसला, घड्याळाला चावी दिली. पहिला तास सुरू झाला आणि विहिरीवर चिटपाखरू नव्हतं. आमच्या बाया लांब, चिंचेखाली रिकामे हंडे घेऊन उभ्या होत्या. त्या पुढे आल्या नाहीत. तासभर विहीर तशीच राहिली, दोर रहाटावर कोरडा. तास संपला तसा तो उठून घरी गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. घरात नात रडून रडून थकली होती. आता तिचा आवाज मांजरीच्या पिलासारखा बारीक येत होता. वत्सलाबाई मला म्हणाली, भाऊसाहेब, हीही जाणार वाटतं.

तिसऱ्या दिवशीही कुणी आलं नाही, तेव्हा बहिरूनं गळ्यातला मोबाइल हातात घेतला. दोन नंबरच्या बटणावर त्याचा अंगठा बराच वेळ नुसता राहिला. नऊ तारखेनंतर ते बटण त्यानं दाबलं नव्हतं. मग त्यानं दाबलं.

“पुंजा,” तो म्हणाला, “तास रिकामा चाललाय.”

 बहिरूनं थोडा वेळ कानाशी फोन धरला.

“आणखी एक,” तो म्हणाला. “आमची पोर दूध घेत नाय रे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी, सूर्य नुकता वर आला असताना, नदीच्या वाटेनं बायांची रांग येताना दिसली. तीस-पस्तीस जणी असतील. एरवी त्यांच्या बोलण्याचा गलका आधी पोहोचायचा; त्या दिवशी नुसते हंडे वाजत होते. सगळ्यात पुढे पुंजाभाईची सून मैना होती. डोक्यावर दोन हंडे, कमरेवर तीन महिन्यांचं पोरगं. तेही धनसुखभाईच्याच गाडीत जन्मलेलं, जानेवारीत.

मैना विहिरीपाशी आली, तिनं हंडे कठड्याजवळ खाली ठेवले आणि बहिरूकडे न बघता सरळ त्याच्या घरात शिरली. दारात वत्सलाबाई उभी होती.  वत्सलाबाईनं मैनाचं पोरगं आपल्याकडे घेतलं आणि नात तिच्या मांडीवर दिली. दार लोटलं गेलं.

बाहेर बाकीच्या बायांनी पाणी ओढायला सुरुवात केली. एकेकीचं भरून होत होतं, एकेक वाटेला लागत होती. मैनाचे दोन हंडे मात्र रिकामेच होते. बहिरू त्यांच्याकडे बघत होता. आमच्याकडे पुरुष पाणी भरत नाही. मेंबर तर नाहीच. बारा वर्षांत त्या विहिरीवर त्यानं दोराला हात लावला होता तो फक्त थांबवण्यासाठी. तो उठला. धोतराचा सोगा खोचला, बादली खाली सोडली आणि रहाट ओढायला लागला. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, सवय नव्हती, दोर हाताला काचत होता, पाणी निम्मं सांडत होतं. मी पुढे झालो तर त्यानं मान हलवून मला थांबवलं.

घरातलं बारीक रडणं थांबलं होतं. कधी थांबलं ते कुणाच्याच लक्षात आलं नाही.

पहिला हंडा भरला. दुसरा अर्धा झाला होता तेव्हा तास संपला. आमच्या बाया चिंचेखाली हंडे घेऊन उभ्या होत्या, त्यांच्यात सरपंचाची आईही होती. त्यांनाही वेळ कळते. बारा वर्षं त्यांनी ती बहिरूकडूनच शिकली होती. एकीनंही पाऊल पुढे टाकलं नाही. मैना अजून आतच होती.

बहिरूनं मनगटावर नजर टाकली. मग घड्याळ काढून सदऱ्याच्या खिशात ठेवलं, आणि बादली पुन्हा खाली सोडली.